दक्षिण मॉरिशस: समुद्र डाव्या हाताला

शनिवार, संध्याकाळ

मॉरिशसचा दक्षिण किनारा गाडीने बघायचा असेल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे बघावा, असं माझं ठाम मत आहे. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. आग्नेयेच्या माएबूरहून निघून नैर्ऋत्येच्या ल मॉर्नकडे यायचं ठरवलं की समुद्र दिवसभर डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच कडेला राहतो. थांबावंसं वाटलं की गाडी बाजूला घ्यायची आणि उतरायचं, रस्ता ओलांडायची भानगडच नाही. शिवाय सूर्य मावळायच्या सुमाराला आपण बेटाच्या पश्चिम टोकाला पोचलेलो असतो.

आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला होता. नवऱ्याला हा बेत आधी पटेना. "अगं, ल मॉर्न इथून पाऊण तासावर आहे आणि आपण सकाळी उठून बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायचं?" पण हे बेट उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. आडवं कापायला असा किती वेळ लागणार! नकाशा पसरून मी त्याला किनाऱ्याबाहेरची प्रवाळाची रेघ दाखवली. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि निवांत राहतं, तेच लगून. पोस्टकार्डावरचा तो फिकट निळा रंग या भिंतीमुळे आहे. दक्षिणेला सुयाक गावाजवळ मात्र ही रेघ तुटते. मला ती जागा बघायची होती. प्रवाळ आहे तिथे आणि नाही तिथे समुद्र कसा वागतो ते एकाच दिवसात पाहायचं होतं. ते ऐकल्यावर त्याने सहाचा गजर लावला.

रविवार

निघालो तेव्हा नुकतं फटफटत होतं. जून म्हणजे तिथला हिवाळा. फ्लिक-आँ-फ्लाकला आभाळ निरभ्र होतं, पण क्युरपिपच्या पठारावर चढलो तसं धुकं आलं, मग पावसाची भुरभुर, मग वायपर. हे गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आग्नेयेकडून येणारे वारे पाऊस घेऊन आधी इथे अडतात, म्हणून पश्चिम किनारा कोरडा आणि क्युरपिप कायम ओलं. उतार लागला तसं धुकं मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

ऊस तुऱ्यावर आला होता. राखाडी-जांभळट तुरे वाऱ्याबरोबर एका दिशेने वाकत होते. आपल्याकडे तुरा आला की शेतकऱ्याला तोडणीची घाई होते. तिथेही तोडणीचा हंगाम नुकताच सुरू होत होता. या शेतांमध्ये जागोजागी काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, काही तर नीट रचलेले, घराएवढे उंच. बेट ज्वालामुखीचं, जमीन बसाल्टच्या धोंड्यांनी भरलेली. ऊस लावण्याआधी हे धोंडे वेचावे लागले, आणि ते वेचले आधी गुलामांनी, मग हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांनी. यंत्रं फार उशिरा आली. रस्त्याकडेच्या एका ढिगापाशी आम्ही उतरलो. खालच्या थरातला एक दगड दोघांनी मिळून हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

माएबूरच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा मासे उतरवणं आटोपत आलं होतं. एका हातगाडीवर ढोल पुरी मिळाली. गूळ न घातलेली पुरणपोळी म्हटलं की बरोबर कल्पना येईल: आत वाटलेली चण्याची डाळ, पोळी मऊ आणि पातळ, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि हिरव्या मिरचीची चटणी. दोन पुऱ्यांची जोडी कागदात गुंडाळून देतात आणि ती उभ्यानेच खायची. बेटावर हिंदू, मुसलमान, क्रेओल (मुख्यतः आफ्रिकी वंशाचे), चिनी सगळे खातात. चटणी तिखट आहे, जपून घ्या.

समोरचा उपसागर इतिहासाने गच्च भरलेला आहे. १५९८ मध्ये डच इथेच उतरले आणि त्यांनी आपल्या प्रिन्स मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिलं. पुढे बेट फ्रेंचांकडे गेलं. ऑगस्ट १८१० मध्ये याच पाण्यात फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराचा पराभव केला. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला नेपोलियनच्या काळातला आरमारी विजय हा एवढाच. त्यातही इंग्रजांचा घात झाला तो प्रवाळाने. वाट नीट ठाऊक नसलेली त्यांची जहाजं उथळात रुतली. दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी एकाच घरात उपचार घेत होते. ते घर आता संग्रहालय आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी उत्तरेकडून येऊन बेट घेतलंच.

पण मला माएबूरला आणलं ते अलीकडच्या गोष्टीने. २५ जुलै २०२० च्या रात्री वाकाशियो नावाचं अजस्र मालवाहू जहाज इथून जवळच, प्वँत देस्नीसमोर, प्रवाळावर चढलं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याजवळ आणलं होतं, असं पुढे चौकशीत निघालं. ६ ऑगस्टला टाक्या फुटल्या आणि सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये आलं. सरकारी मदतीची वाट न बघता बेटावरची माणसं या धक्क्यावर जमली. उसाच्या शेतांतून पाचट आणलं, कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात ते ठासून भरलं, तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला असे तराफ्यासारखे बांध पाण्यात सोडले. केस तेल शोषतात म्हणून लोकांनी केस कापून दिले. तेव्हा बातम्यांत पाहिलेल्या त्या धक्क्यावर आता एक आजोबा गळ टाकून बसले होते. मी त्यांना मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं. त्यांनी हात कोपरापर्यंत वर करून दाखवलं: इथपर्यंत काळे. मग समोरच्या इल-ओ-झेग्रेतकडे बोट केलं. त्या छोट्या बेटावर पिंक पिजन हे कबुतर जपलं जातं. १९९० च्या सुमाराला रानात जेमतेम दहाच्या आसपास उरलेली ही जात आता काही शेकड्यांवर आली आहे. तेल त्याही बेटापर्यंत गेलं होतं.

ब्लू बेला काचेच्या तळाच्या होडीत बसलो. हे सागरी उद्यान आहे, इथे मासेमारी बंद. नावाडी इंजिन बंद करून होडी वाहू देतो आणि काचेखालून प्रवाळ सरकत जातं. मी पालथी पडूनच बघत होते. आधी सांबरशिंगासारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ आलं, टोकं फिकट निळी. मग वळ्यावळ्यांचा एक भलामोठा गोल गड्डा. मग बराच वेळ नुसता करडा चुरा, त्यावर शेवाळ. पुन्हा जिवंत फांद्या, त्यांच्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. गरम झालेल्या पाण्यात प्रवाळ रंग टाकतं आणि उन्हाळा लांबला तर मरतं, हे वाचलेलं होतं. काचेखाली जिवंत आणि मेलेलं शेजारी-शेजारी बघताना पोटात खड्डा पडला. फोटो काढायचंही सुचलं नाही. ही भिंत गेली तर पाठीमागचं सगळं, होड्या, हॉटेलं, सुरूची बनं, लाटांच्या तोंडी येईल.

ब्लू बे ते सुयाक हा पट्टा पटकन संपवा. मुख्य रस्ता इथे समुद्र सोडून उसातून जातो. रिव्हिएर दे-झाँगिय गावाजवळ महाकाय कासवांचं उद्यान आहे, लहान मुलं बरोबर असतील तर थांबा. आम्ही थांबलो नाही.

आणि मग ग्री ग्री. सुयाक गावातून गाडी एका हिरव्या माळावर येते. माळ संपतो तिथे कडा, आणि कड्याखाली पहिल्यांदाच खरा हिंदी महासागर. सकाळपासून दूरवर दिसणारी पांढऱ्या फेसाची रेघ इथे नाही. लाटा अडवायला काही नाही, त्या थेट काळ्या खडकावर येऊन आदळतात. कड्यावर उभं राहिलं की तळपायाला दणका जाणवतो. वारा इतका की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. पोहू नका अशा पाट्या आहेत आणि त्या मनावर घ्याव्यात. इथून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत अडथळा म्हणावा असं फारसं काही नाही.

कड्यावरून दहा मिनिटं चाललं की रडणारा खडक येतो, ला रोश की प्लर. लाट खडकावर चढते, ओसरते, आणि मग मागे राहिलेलं पाणी कितीतरी वेळ कपारींतून ओघळत राहतं. ते संपायच्या आत दुसरी लाट. रॉबेर एदवार्द आर या कवीचं घर जवळच आहे, ते प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं. खडकात त्याचा चेहरा दिसतो म्हणतात. माझ्या नवऱ्याला दिसला, मला नाही. मी पाण्याकडेच बघत होते. आम्ही तिथे सव्वा तास होतो आणि तोही मला कमी वाटला. दिवसात एकच जागा निवडायची तर मी ही निवडेन.

सुयाकला जेवलो. उरीत म्हणजे ऑक्टोपसची रस्सा-भाजी, भात, डाळ आणि भाज्यांचं आशार, हळद-मोहरीतलं लोणचंच ते. ऑक्टोपस नीट शिजवला की चिवट राहत नाही आणि इथे तो नीट शिजवलेला होता. पिल्लं वाढावीत म्हणून दरवर्षी ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने ऑक्टोपस पकडायला बंदी असते, तेव्हा त्या काळात जाल तर ताज्याची अपेक्षा ठेवू नका.

रिआंबेलपासून रस्ता पुन्हा समुद्राला येऊन भिडतो आणि दूरवर पांढरी रेघही परत येते. बेल ओंब्रला मोठी हॉटेलं ओळीने आहेत, तेवढ्यापुरता समुद्र भिंतींआड जातो. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे, त्यामुळे आत जायच्या वाटा असतात. बेल ओंब्रला त्रेव्हेसाचं स्मारक आहे, तिथे जरूर थांबा. जस्ताचं खनिज घेऊन ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून निघालेलं हे जहाज ४ जून १९२३ ला भर समुद्रात बुडालं. खलाशी दोन उघड्या होड्यांत उतरले. जवळ होती बिस्किटं, डब्यांतलं आटवलेलं दूध आणि मोजकं पाणी. एक होडी रॉड्रिग्स बेटाला लागली आणि दुसरी २९ जूनला इथे, बेल ओंब्रला. म्हणजे २५ दिवस. पहाटेच्या अंधारात प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटताना ऐकू येत असतील आणि त्यातून आत शिरायची फट शोधायची! नवरा स्मारकापाशी बराच वेळ गप्प उभा होता. त्याचे काका बोटीवर नोकरीला होते.

बे द्यु कापला नदीच्या मुखाशी रस्ता आत वळून पुन्हा बाहेर येतो. इथे मॅथ्यू फ्लिंडर्सचं स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घालून तिचा नकाशा करणारा हा इंग्रज दर्यावर्दी घरी परतताना, डिसेंबर १८०३ मध्ये, गळक्या जहाजाच्या दुरुस्तीसाठी इथे लागला. इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. फ्रेंचांचं परवानापत्र होतं, पण ते त्याच्या आधीच्या जहाजाच्या नावाचं. फ्रेंच गव्हर्नरने त्याला हेर समजून अडकवलं ते १८१० पर्यंत. कागदावरच्या एका नावापायी साडेसहा वर्षं.

याच गावातून चामारेलच्या सात रंगांच्या मातीकडे चढणारा रस्ता फुटतो. तो आम्ही सोमवारसाठी ठेवला होता.

पुढे माकोंदेचं वळण. एका काळ्या खडकाला वळसा घालून रस्ता जवळजवळ पाण्यावरून जातो, अरुंद आहे, समोरून बस आली की थांबावं लागतं. पायऱ्या चढून खडकावर गेलं की सकाळपासूनचं सगळं एका नजरेत येतं: रस्त्याची कड, फिकट लगून, पांढरी रेघ आणि पलीकडे गडद निळा. नदीचं गोडं पाणी आणि गाळ जिथे येतो तिथे प्रवाळ वाढत नाही, म्हणून नदीच्या समोर रेघेला खिंडार असतं. होड्या त्यातूनच बाहेर जातात. त्रेव्हेसाच्या खलाशांना हवी होती ती अशी खिंड.

साडेचारच्या सुमाराला ल मॉर्नला पोचलो. समुद्रात घुसलेल्या जिभेवर ५५६ मीटरचा हा सुळका सरळसोट उभा आहे. इंटरनेटवर दिसणारा 'पाण्याखालचा धबधबा' इथलाच. भिंतीबाहेरच्या खोल उतारावर वाळू ओघळते आणि वरून तो भास होतो, पण तो हेलिकॉप्टरमधूनच दिसतो, जमिनीवरून नाही. तेव्हा तो शोधत फिरू नका. डोंगराखालच्या गुलामीच्या स्मारकाला मात्र तो वेळ द्या. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम या सुळक्यावरच्या गुहांत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ही बातमी सांगायला शिपाई डोंगर चढू लागले, वरच्यांना वाटलं धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. स्मारकात दगडांची शिल्पं आहेत आणि मागे तो कडा. मान वर करून बघावंच लागतं.

गुलामगिरी संपली त्या तारखेच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, अ‍ॅटलास जहाजातून हिंदी मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली होती. गुलाम सुटणार, मग ऊस कोण तोडणार? १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार-पाच लाख माणसं करारावर आणली गेली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली आणि दक्षिणेतली, पण मुंबई बंदरातूनही बोटी सुटत होत्या. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. मजुरांची ही गोष्ट ठाऊक असूनही त्या डोंगराखाली दोन्ही तारखा एकत्र आठवल्या तेव्हा प्रथमच नीट पोचलं.

रविवार असल्यामुळे सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली घराघरांचे डबे सुटले होते. रावान हे डफासारखं वाद्य वाजत होतं, पोरं सेगा हा तिथला नाच नाचत होती, पाण्यावर काइटसर्फिंगवाल्यांच्या रंगीत पतंगांची गर्दी. आम्ही आपसात बोलत होतो तर शेजारच्या चटईवरून आवाज आला, "तुम्ही महाराष्ट्रातून आलात?" साठीच्या बाई, सलवार-कुर्ता, हातात गातो पिमाचा डबा. गातो पिमा म्हणजे हिरवी मिरची घातलेले डाळवडे. आम्हाला बसवलंच. मराठी सावकाश, शाळेत शिकल्यासारखं, आणि अडलं की क्रेओल, म्हणजे बेटावरची बोली. मी त्यांना मावशी म्हटलं, त्यांना ते फार आवडलं.

मावशींनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत, तिथून त्यांनी आपल्या पणजोबांचा उतारा काढून आणला होता. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज. जिल्ह्याच्या रकान्यात जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये रत्नागिरी. गावाचं नाव कारकुनाने असं लिहिलं होतं की ते चार गावांपैकी कुठलंही असू शकेल. आम्ही तिघांनी फोटो मोठा करकरून अक्षरं लावली. मी एकेक नाव म्हणत होते आणि मावशी प्रत्येकाला "ते असेल?" असं विचारत होत्या. नक्की करता आलं नाही. पण चारही गावांचे फोटो पाठवायचं मी कबूल केलं आहे, आणि ते मी पाठवणार.

सूर्य गेला तरी बोलणं चालू होतं. गणपतीत त्यांचा मुलगा झाकरीत नाचतो, म्हणजे आपली कोकणातली जाखडी. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात बसला, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि वर म्हणाल्या, "उद्या जाऊन या. फ्लिक-आँ-फ्लाकहून लांब नाही."

परतीच्या रस्त्यावर ला गोलेत, रिव्हिएर न्वार, टामारिन अशी गावं अंधारातच गेली. टामारिनची मिठागरं बघायची राहिली. गाडी मी चालवत होते. रिव्हिएर न्वारच्या पुढे नवरा म्हणाला, "चामारेल राहू दे. उद्या हेन्रिएटा." आणि त्याने तिथूनच रस्ता शोधायला घेतला.